अक्रोडाखालची कोशिंबीर

सनोबर वहिनीने अट घातली ती सोपी वाटावी अशी. लग्नातल्या पुलावाबरोबरची कोशिंबीर अंगणातल्या अक्रोडाखालच्या वाफ्यातली हवी आणि ती होणाऱ्या जावयाने, अब्रोरने, स्वतः पिकवायची. जमलं नाही, तर तिच्या लेकीचं, हुर्शिदाचं, लग्न पुढच्या वर्षी.

मुलगा खालच्या, कापसाच्या सपाट मुलखातला. आमच्या अक्रोडांच्या गावची, अर्सलानबोबची मुलगी हवी, तर अर्सलानबोबचं झाड कळायला हवं, असं वहिनीचं म्हणणं. कुणी मदत करायची नाही, हे तिने अख्ख्या गल्लीला बजावलं. मला दोनदा, कारण मी हुर्शिदाचा सख्खा काका आणि फाटक्या तोंडाचा.

अब्रोरने अर्थातच टोमॅटो लावले. पुलाव म्हटलं की टोमॅटो-कांदा.

गल्ली भिंतीवर चढून बसली.

"जावईबापू, सावली कशी आहे?" मी वरून विचारलं.

"एकदम गार, काका!"

अक्रोडाच्या मुळांतून आणि पानांतून कडू विष उतरतं. टोमॅटो, बटाटा, मिरची त्यात टिकत नाही. आमच्याकडे हे दुधाचे दात पडायच्या आत कळतं. अब्रोरला कळलं नव्हतं. रोपं माना टाकू लागली, तसा तो आणखी पाणी घालू लागला.

"टोमॅटोला ताप आलाय वाटतं!" भिंतीवरून सुताराची बायको ओरडली. "कपाळावर ओली पट्टी ठेव!"

त्याने खरंच ओलं फडकं आणलं. माझ्या पोटात हसून कळ आली.

हुर्शिदाला मात्र हसू येईना. लग्नाआधी बोलायची सोय नाही, म्हणून तिने त्याच्या जेवणाच्या भाकरीत अख्खा कांदा ठेवला. दुसऱ्या दिवशी उकडलेला घेवडा, मग पुन्हा कांदा. अक्रोडाखाली जे जगतं, तेच ती पाठवत होती. अब्रोर सगळं चाटूनपुसून खाई आणि माझ्यामार्फत निरोप देई, "कांदा फार गोड होता."

"गोड होता?" हुर्शिदा किंचाळली. "काका, याला लग्न करायचंय की जेवायचंय?"

शेवटी तिने भिंतीपाशी ठेवलेल्या टोपलीतून मोसमातलं पहिलं खरबूज उचललं आणि भिंतीवरून फेकलं. ते मेलेल्या टोमॅटोंत आपटलं, फुटलं, आणि बिया वाफाभर उडाल्या. अब्रोर बियांकडे बघत राहिला. मग त्याने शेजारच्या अक्रोडाखाली नजर टाकली. तिथे कांदा, घेवडा आणि खरबुजाचे वेल मजेत पसरले होते. तो इतका मोठ्याने हसला की झाडावरचे कावळे उडाले. त्याच संध्याकाळी त्याने टोमॅटो उपटले आणि वाफ्यात ही तिन्ही लावली.

पानगळ सुरू होताना, लग्नाच्या दिवशी पुलावाच्या थाळ्यांबरोबर खरबूज, कांदा आणि घेवड्याची कोशिंबीर आली. पाहुणे थबकले. ढोलवाल्याचे हात थांबले.

वहिनीने घास घेतला. "टोमॅटो कुठायत?"

"तुमच्या झाडाला आवडत नाहीत, आई."

"आणि हे तुला सांगितलं कुणी?"

घुंगटाआड हुर्शिदाने मान खाली घातली.

"खरबुजाची टोपली भिंतीपाशी आपोआप आली का?" वहिनी म्हणाली. "रोज कांदा खाऊन खूश होत होता हा. मला बघवेना." तिने ताट पुढे केलं. "मीठ कमी आहे. वाढ अजून."

मी टोपी हवेत फेकली. ती अक्रोडात अडकली. अजून तिथेच आहे.