खंडेनवमीला पुजलेली मी मदरबोर्ड

मी मदरबोर्ड बोलतेय. दचकू नका. तुमच्या संगणकाच्या पोटात जी काळी पाटी बसवलेली असते, जिच्यावाचून बाकीचे सगळे भाग म्हणजे भंगारवाल्याची पोतडी, ती मी. नावात आई आहे आणि कामही आईचंच. सगळ्यांना जागा द्यायची, वीज वाटायची, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा. आणि काही बिघडलं की पहिला आळ कोणावर? माझ्यावर. त्या पंख्याला कधी कोणी बोल लावलाय?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे बोलणं नाही, गप्पा नाहीत. यंत्रांचे हात टकटक येत आणि माझ्या अंगावर तिळाएवढे भाग नेमक्या जागी ठेवून जात. एकाही हाताने स्वतःची टिमकी वाजवली नाही. माणसांच्या घरात आल्यावर मला त्या कारखान्याची फार आठवण झाली.

तपासून, चंदेरी पिशवीत घालून, पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवून मला भोपाळला पाठवलं. एम. पी. नगरातल्या एका दुकानाच्या फळीवर मी बसले. सोबत माझी पुस्तिका होती. मला कसं धरायचं, कुठे काय जोडायचं, कोणता दिवा काय सांगतो, सगळं चित्रांसकट त्यात आहे. ही पुस्तिका जगात सर्वांत कमी वाचली जाते. माणसं खोकं उघडतात, पुस्तिका बाजूला फेकतात आणि मग दोन तास कपाळाला आठ्या घालून बसतात.

एके दिवशी योगिनी आली. सोबत तिचे सासरे अच्युतराव. योगिनीने विचारलं, "भैया, इसमें मेमरी के कितने स्लॉट हैं? बाद में बढ़ा सकते हैं ना?" प्रश्न तिचा. दुकानदार शैलेंद्रने उत्तर दिलं सासऱ्यांकडे बघून, "बाबूजी, चार हैं, टॉप का माल है." अच्युतरावांनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. स्लॉट म्हणजे मेमरीची पट्टी बसवायची खोबण, हे त्या मानेला ठाऊक नव्हतं, हे मी फळीवरून सांगू शकले असते.

योगिनीला संगणक कशाला हवा होता, तेही सांगते. लग्नाआधी ती इंदूरला इमारतींचे नकाशे काढायची. लग्नानंतर भोपाळच्या सोनागिरी वस्तीतल्या या घरात आली आणि नकाशे सुटले. नवरा जबलपूरला बदलीवर, घरी सासू-सासरे. तिची जुनी सोबतीण जुई हिने आता स्वतःचं ऑफिस काढलंय. जुईने सांगितलं होतं, "एका शाळेच्या जिन्याचा नकाशा पाठवते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरा करून दे. जमलं तर घरबसल्या कायमचं काम तुझं. नाही जमलं तर दुसरी मुलगी तयार आहे." घरातला जुना संगणक त्याच आठवड्यात मेला. म्हणून मी.

घरी पोचल्यावर योगिनीने पुस्तिका उघडली. अच्युतरावांनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि वर चष्म्याची डबी ठेवली.

"यात काय वाचायचंय? मी कारखान्यात अख्खी टर्बाइनं बसवलीत. हे डबडं काय चीज आहे!"

"अहो, तुम्ही बसवत कुठे होता?" स्वयंपाकघरातून कमलिनीबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांनी बसवलेल्यावर सही करत होता."

"सही करायला अक्कल लागते!"

लागत असेल. ती अक्कल सहीतच खर्च झाली असावी. मला कडेने धरायचं असतं. यांनी मला जेवणाच्या ताटासारखं मधोमध पंजा लावून उचललं. मग थेट पत्र्याच्या कॅबिनेटवर टेकवून स्क्रू पिळायला लागले.

"बाबा, आधी ते पितळी खुंट लावायचेत. नाहीतर पाठ पत्र्याला टेकेल आणि शॉर्ट होईल."

"तुझं ते यूट्यूब तुझ्यापाशी. जा, चहा टाक."

ती चहा टाकायला गेली. तिचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू? येतं सगळं, पण कोणी आवाज चढवला की ही निघाली आधणाकडे. इकडे स्क्रू कुठे धरेनात. अच्युतरावांनी दाराकडे एक नजर टाकली, गुपचूप ते खुंट लावले आणि चहा आल्यावर म्हणाले, "खुंट मी लावूनच घेतले. पहिल्यापासून माझ्या डोक्यात होतंच."

त्या दिवशी होती खंडेनवमी. मराठी घरात या दिवशी शस्त्रांची पूजा. शस्त्रं आता उरली नाहीत, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर, स्कूटर, मिक्सर, जे हाती लागेल त्याला हळदकुंकू. पूजेला माझा विरोध नाही. कामाच्या वस्तूचा मान ठेवावा. पण मान ठेवणं म्हणजे काय, हे आधी विचारावं.

मेमरीची पट्टी तेवढी बसवायची राहिली होती. माझं पोट उघडं, खोबणी उघड्या. कमलिनीबाई ताट घेऊन आल्या.

"आई, झाकण लावल्यावर वरून करा ना," योगिनी म्हणाली.

"वरून? पत्र्याची पूजा करू? जीव आत आहे ना त्याचा!"

त्यांनी ओल्या बोटाने माझ्या मधल्या, चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या चकतीवर हळदकुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या आणि वर मूठभर अक्षता. अक्षता म्हणजे न तुटलेला तांदूळ, हे मला कळतं. त्यांच्या डब्यात मात्र सरसकट कणी. अख्खा दाणा खोबणीत गेलाच नसता. कणी गेली. अगदी मेमरीच्या खोबणीत, तळाशी, आडवी.

मी ओरडले असते, पण मला तोंड नाही.

मग अच्युतरावांनी पट्टी बसवली. खोबणीच्या एका टोकाचा कान, म्हणजे पट्टी धरणारी खिट्टी, खट्कन लागला. दुसऱ्या टोकाचा लागेना. त्यांनी दोन्ही अंगठे लावून रेटलं, माझी पाठ धनुष्यासारखी वाकली, तरी लागला नाही. "असाच असतो तो," असं स्वतःलाच सांगून त्यांनी वीज सुरू केली.

पंखा फिरला. पडदा काळाच. माझ्या कडेला चार बारीक दिवे आहेत. मेमरी सापडली नाही की त्यातला मेमरीचा पिवळा दिवा पेटतो आणि पेटलेलाच राहतो. हीच माझी बोंब. मी तो दिवा पेटवला. जेवढा पेटवता येईल तेवढा पेटवला.

"लागला!" अच्युतराव टाळी वाजवून म्हणाले. "दिवा लागला बघा! चालू झाला!"

आणि कमलिनीबाईंनी त्या दिव्याला हात जोडले.

आता बोला! मी जीव तोडून मदतीला बोलावतेय आणि ही मंडळी मला नमस्कार करताहेत. आयुष्यात इतका अपमान माझा कोणी केला नव्हता.

"बाबा, स्क्रीनवर काही येत नाहीये."

"तापायला वेळ लागतो."

"एकदा मेमरी काढून परत बसवू या का? मी बघते."

"मी बसवलीय ना? मग? तू पोळ्यांचं बघ."

संध्याकाळपर्यंत पडदा काही तापला नाही. तेव्हा निकाल लागला. नाचता येईना, अंगण वाकडं. अंगण अर्थात मी. "बोर्डच खराब दिलाय त्याने. उद्या त्याच्या तोंडावर मारतो."

दसऱ्याच्या सकाळी कॅबिनेट स्कूटरवर पायांपाशी ठेवून ते निघाले. सोनागिरीपासून एम. पी. नगरपर्यंत रस्त्यातला एकही खड्डा त्यांनी चुकवला नाही. शैलेंद्र शटर अर्धं ओढून घरी जायच्या तयारीत होता. त्याने झाकण काढलं आणि आत वाकून बघतच राहिला.

"अंकल, ये हल्दी है?"

"पूजा है. खंडेनवमी थी. हमारे में यंत्र की पूजा होती है."

"हमारे यहाँ भी होती है, अंकल. पर डिब्बे के ऊपर होती है. आपने तो अंदर जाकर कर दी!"

"वो छोड़ो. बोर्ड खराब है, बदलके दो."

"कैसे बदलूँ? कंपनी वाले दाग देखेंगे तो मेरे मुँह पर मारेंगे. अब तो ये आपके घर की हो गई. कुमकुम लगाके बहू को कोई मायके लौटाता है क्या?" तो हसला. मग जरा नरमाईने म्हणाला, "छोड़ जाइए. लड़का दशहरे के बाद आएगा, देख लेगा."

ठेवून यायचं? म्हणजे कोणीतरी उघडून बघणार आणि चूक कोणाची ते सांगणार. अच्युतरावांनी मला परत स्कूटरवर घातलं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "सगळे चोर आहेत. दिवाळीनंतर बघू. तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, पुढच्या वेळी."

"पुढची वेळ नाहीये, बाबा. उद्या संध्याकाळी नकाशा नाही गेला तर काम दुसरीला जाईल."

"जाऊ दे. घरात काय कमी आहे?"

मोठी माणसं हे वाक्य फार सहज बोलतात. काय कमी आहे ते ज्याचं गेलं त्याला विचारावं. पण या वेळी योगिनी चहा टाकायला गेली नाही.

दुपारी सासू-सासरे आपट्याची पानं घेऊन शिवाजी नगरला नातेवाइकांकडे सोनं द्यायला निघाले. "डोकं दुखतंय," म्हणून ती मागे राहिली. दार लागल्याबरोबर तिने चष्म्याची डबी उचलली आणि खालची पुस्तिका घेतली. पहिल्या पानापासून वाचली. मग वीज सुरू करून माझ्या दिव्याकडे बघितलं. दिव्याशेजारची मुंगीएवढी अक्षरं वाचायला तिने मोबाइलचा उजेड धरला.

"मेमरी," ती पुटपुटली. "कालपासून हे सांगतेय ही!"

शेवटी एक तरी माणूस माणसात आला.

तिने वीज तोडली, पट्टी काढली, खोबणीत उजेड टाकला. तळाशी हळदीत माखलेली कणी. स्क्रू काढून तिने मला बाहेर घेतलं, कडेने धरून, आणि उलटं करून पाठीवर हलकी थाप मारली, बाळाला ढेकर काढायला मारतात तशी. कणी टेबलावर पडली. कोरड्या ब्रशने तिने माझं अंग झाडलं, पाकळ्या वेचल्या. मला परत जागेवर बसवून पट्टी घातली. खट्. खट्. दोन्ही कान लागले.

या वेळी दिवा पेटला आणि विझला. पडद्यावर माझं सेटअप, म्हणजे मी कसं वागायचं ते ठरवायचं पान, उघडलं.

तिला ते पान नवीन होतं, पण ती घाबरली नाही. पुस्तिका मांडीवर होती. माझं घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात अडकलं होतं, ते तिने आजच्या दिवसावर आणलं. मेमरीचा वेग जेवढा हवा तेवढा लावला. जुन्या संगणकातून काढून बसवलेल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ते सांगितलं. पासवर्डाची जागा आली, तिथे जरा थांबली. दाराकडे बघितलं. मग काहीतरी टाकलं, पुन्हा टाकलं आणि पक्कं केलं.

सासरे आले तेव्हा पडद्यावर जिना होता.

"चालू झाला?" अच्युतराव दारातच उभे. मग म्हणाले, "मी म्हणतच होतो! स्कूटरवर हादरे बसले ना, त्यानेच जागेवर आला."

"देवीने ऐकलं," कमलिनीबाई म्हणाल्या.

योगिनीने टेबलावरची कणी दोन बोटांत उचलून दाखवली. "बाबा, ही मेमरीच्या खोबणीत होती. पट्टी बसलीच नव्हती. तो दिवा ओरडून तेच सांगत होता. मी काल म्हटलं होतं, काढून बघू."

"बरं बरं. झालं ना चालू? मग झालं."

चूक कबूल करायची याहून स्वस्त रीत माझ्या पाहण्यात नाही.

तिने दसऱ्याचा उरलेला दिवस आणि दुसरा अख्खा दिवस बसून नकाशा पुरा केला. मी एकदाही अडले नाही. अडायचं कारणच नव्हतं. संध्याकाळी नकाशा गेला आणि थोड्या वेळाने जुईचा फोन आला.

"योगिनी, पायऱ्यांची उंची तू कमी केलीस?"

"हो. पहिलीतली पोरं चढणार ना त्यावर? तेवढी उंची जड गेली असती. चुकलं का?"

"चुकलं? अगं, हे इथे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सोमवारपासून लाग कामाला."

फोन ठेवल्यावर तिने नकाशा पुन्हा उघडला आणि एकेक पायरी बघत वरपर्यंत गेली. मी माझा पंखा हळू केला.

सोमवारी ती कामावर आहे हे घराला कळायला वेळ लागला. दर थोड्या वेळाने हाक. "योगिनी, दूधवाला आलाय." "योगिनी, माझा चष्मा?" ती प्रत्येक हाकेला उठली. दुपारी अच्युतराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आले. "ऊठ जरा, याचा वेग वाढवून देतो. सेटअपमध्ये असतं ते." तिला उठवून ते बसले, मला बंद करून चालू केलं. मी पासवर्ड मागितला.

"हे काय? पासवर्ड काय आहे?"

"नाही सांगणार, बाबा."

"म्हणजे? घर माझं, मी बसवलेला संगणक..."

"घर तुमचं आहे. हे माझं ऑफिस आहे." आवाज चढला नव्हता, पण उतरलाही नव्हता. "चष्मा फ्रिजवर आहे. दूध आई घेतील. खुर्ची द्या."

स्वयंपाकघरातून कमलिनीबाई म्हणाल्या, "उठा हो. सही करायचं काम नाही तिथे."

ते उठले.

आज मी त्याच खोलीत आहे. अंगावर धूळ बसते, दर महिन्याला योगिनी ती झाडते. मधल्या चकतीवरचं कुंकू थोडं उरलंय. पुसायला तिला वेळ नाही आणि मला त्याची तक्रार नाही. शहाण्यांनो, तुमच्याकडे माझं मागणं थोडं आहे. मला पूजू नका, वाचा. माझा दिवा लागला तर हात जोडण्याआधी तो काय सांगतोय ते बघा. आणि या खोलीच्या दाराशी येऊन हाका मारू नका. संध्याकाळपर्यंत ती घरात नाही.