पाच उठाबशा

रमणने कानातलं यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं आणि कांदाभज्यांच्या ताटलीशेजारी ठेवलं. घरामागच्या लाकडी डेकवर जमलेल्या शेजाऱ्यांनी माना पुढे काढल्या.

याच रमणचं जुनं श्रवणयंत्र चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं. डॉक्टरीण ओरडली, बायको रडली, पठ्ठ्याने कानाला लावलं नाही. मग ते ॲप आलं. समोरचा इंग्रजीत बोलला की कानात लगेच मराठी. पण ते चालायचं फक्त नव्या जातीच्या यंत्रावर. महिन्याभरात न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या त्या एका गल्लीत पाच म्हातारे नवे कान लावून हिंडायला लागले. तोवर आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांतल्या एकालाही मान्य नव्हतं.

"कानासाठी ॲप कुणीच घेतलं नाही," रमण म्हणाला. "सगळ्यांनी ॲपसाठी कान घेतले. राहिले फक्त आमचे पुरुषोत्तमराव. पाडव्याच्या आत यांनाही घालायला लावतो."

"हे घालायचे नाहीत," त्यांची बायको आशालता म्हणाली. "लाव पैज."

"हरलात तर, वहिनी?"

"पाडव्याच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये, स्टेजवर, कान धरून पाच उठाबशा. तू हरलास तर तू."

सगळे हसले, आशालता सगळ्यांत मोठ्याने. नवऱ्याचा स्वभाव तिला पाठ होता. बायकोने चारचौघांत टाकलेला शब्द ते खाली पडू देणार नाहीत. त्या यंत्राला घराबाहेर ठेवायचा तिला दुसरा उपाय सुचला नव्हता.

त्याचं असं होतं. नात मुग्धा नऊ वर्षांची असताना पुरुषोत्तमरावांनी तिला स्वतः रचलेली गोष्ट वाचून दाखवली. मिरजेहून पळालेला एक हत्ती पोहत पोहत न्यूझीलंडला निघतो. मुग्धाला मराठी कळायचं, पण ती बोलायची इंग्रजी, तेही इथल्यासारखं, ओठ न हलवता. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "सो बोअरिंग." आयुष्यभर सांगलीच्या शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला ते ऐकू आलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आशालता म्हणाली, "विचारतेय, पुढे काय झालं?"

एवढंच. पाच वर्षं झाली. हत्ती अजून समुद्रातच होता आणि अकरा वह्या भरल्या होत्या. पुरुषोत्तमराव रोज सकाळी अंघोळ करून लिहायला बसायचे, संध्याकाळी वाचायचे, मुग्धा काहीतरी पुटपुटायची आणि आशालता त्याचं मराठी करायची. ते मराठी फार छान असायचं.

पैजेनंतर पंधरा दिवस पुरुषोत्तमराव टिकले. मग एकदा त्या पाचांतल्या श्रीनाथकडे जेवायला गेले. श्रीनाथचा नातू काहीतरी बोलला, आणि नवे कानवाले पाचही जण एकदम हसले. पुरुषोत्तमराव उशिरा हसले, आणि एकटेच.

घरी येताना ते म्हणाले, "तू हरलीस तर चालेल का गं?"

"का?"

"मुग्धा गोष्टीबद्दल एवढं चांगलं बोलते. एकदा तिच्याच तोंडून ऐकावंसं वाटतं."

"मी सांगते तेच बोलते ती," आशालता म्हणाली. "पाच उठाबशा काढल्या तर माझे गुडघे जातील."

विषय मिटला, असं तिने धरलं.

पुढच्या आठवड्यात दक्षिणेचा गार वारा सुटला आणि पुरुषोत्तमरावांनी कानटोपी घातली. संध्याकाळी शाळेतून आलेली मुग्धा सोफ्यावर पाय घेऊन बसली. हत्तीला त्या दिवशी वादळात एक बोट दिसली. वाचून झाल्यावर पुरुषोत्तमरावांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं.

"आजी, जस्ट टेल हिम द यूज्वल," मुग्धा उठत म्हणाली. "आय हॅव हीप्स ऑफ होमवर्क."

"म्हणते, बोटीवर कोण होतं ते उद्या नक्की सांगा," आशालता म्हणाली. "रात्रभर चैन पडणार नाही तिला."

पुरुषोत्तमराव बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली आणि कानटोपी काढली. उजव्या कानात ते यंत्र होतं.

"'आजी, त्याला नेहमीचंच सांगून टाक,'" ते म्हणाले. "हे 'त्याला' तिचं, की या यंत्राचं?"

"यंत्राचं," आशालता पटकन म्हणाली. "इंग्रजीत सगळ्यांना एकच असतं."

"आणि 'नेहमीचं'?"

आशालता उठून स्वयंपाकघरात गेली. सकाळी ते अंघोळ करून टेबलाशी बसले नाहीत.

पाडव्याला हॉल भरला होता. रमणने माइकवर पैजेची कथा मीठमसाला लावून सांगितली, पुरुषोत्तमरावांना उभं करून त्यांचा कान सगळ्यांना दाखवला. पहिल्या रांगेतून मुग्धा फोनवर शूटिंग करत होती. आशालताने पदर खोचला आणि कान धरले. सगळा हॉल टाळ्या वाजवत मोजत होता. चौथीला गुडघा कटकन वाजला, त्यावरही हशा झाला. पाच झाल्या. लोक खुर्च्या मागे सारायला लागले. जेवणाची वेळ झाली होती.

"सहा," पुरुषोत्तमराव म्हणाले.

त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होता, मोठा नव्हता. काही जण हसले. रमणही हसला, "अहो, झाल्या पाच," म्हणाला आणि त्यांचा चेहरा पाहून त्याने माइक खाली केला.

आशालताने कान सोडलेच नव्हते. ती खाली बसली.