तुळसाचा रकाना

सोयरीक बघायला माणसं आलेली असताना कुणी घरधन्याला कमाई विचारतं का? पण त्या सरकारी कारकुनाला एवढीही रीत नव्हती. बाळकुमच्या पंढरीच्या ओटीवर ठाकुर्लीचे गोमाजी आणि त्यांची बायको जनाबाई बसलेली. पंढरीची थोरली आवडी मुलासाठी त्यांच्या मनात भरलेली, चहाच्या बश्या अजून हातात, आणि हा बाबा काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभा. कुटुंबांची पाहणी चाललीय म्हणाला, महिन्याची कमाई सांगा. सगळ्यांदेखत!

आत चुलीपाशी तुळसाने कान टवकारले. वीस वर्षं संसार केलेला, नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. पंढरीने होणाऱ्या व्याह्याकडे एकदा बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि दिलं ठोकून, साठ रुपये. अहो, कसले साठ? मिठागरात राबून वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला सव्वीस पडायचे. मीठ पिकतं उन्हाळ्यात, पाऊस लागला की आगर बंद. मग कुणाच्या शेतात भाताची रोपं लावायला, आवणीला जा, नाहीतर घरी माशा मारत बसा. पण पाहुण्यांपुढे हे सांगणार कोण?

मग कारकुनाने बायकोचं विचारलं. तिथे तर पंढरीला आणखीच चेव आला. म्हणाला, आमच्यात बायकांना कामाला धाडत नाहीत, ती काही करत नाही. मिठाच्या पाट्या वाहून वाहून तुळसाच्या टाळूवरचे केस झडले होते. तिने पदर कपाळावर ओढून घेतला. सोयरीक जुळली, पंढरीने कागदावर अंगठा उमटवला, कारकून पुढच्या घरी गेला.

जूनमध्ये धाकटी रतन सातवीला गावात पहिली आली. ठाण्याच्या हायस्कूलचे हेडमास्तर म्हणाले, पोरीला जरूर घेतो. घरची कमाई महिना तीसच्या आत असेल तर नादारी मिळेल, फी माफ. कचेरीतून तेवढा दाखला आणा. तुळसा हरखून कचेरीत गेली. तिथल्या परशुरामभाऊ नावाच्या दुसऱ्याच कारकुनाने तिला काही विचारलंच नाही. पाहणीचा गठ्ठा सोडला, बोट फिरवलं आणि म्हणाला, साठ रुपये लिहिलेत, बाई, तुम्ही तर खाऊनपिऊन सुखी.

तुळसाच्या अंगाची लाहीलाही झाली. ज्या रुपयांचं कधी तोंड बघितलं नाही, ते तिच्या पोरीच्या आड आले होते. नवरा पाहुण्यांपुढे खोटं बोलला, हे तिने सांगून टाकलं. परशुरामभाऊंचं म्हणणं एकच, अंगठा आहे. बदलायचं असेल तर त्या वेळी हजर असलेली दोन माणसं शुक्रवारच्या आत इथे येऊन सांगू देत.

हजर दोन माणसं म्हणजे कोण, तर गोमाजी आणि जनाबाई!

घरी येऊन तिने पंढरीला फैलावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस, म्हणाली. पंढरी मान खाली घालून बसला. व्याह्यांपुढे इज्जत जाईल, आवडीचं लग्न मोडेल. त्यापेक्षा रतनला दोन वर्षं आगरात घालू, पोरीच्या जातीला एवढं शिकून करायचंय काय, असं काहीबाही बोलला. तुळसाने डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि टाळू त्याच्यापुढे केली.

"बघ. तिचं पण असंच करायचंय?"

पंढरी उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच ठाकुर्लीला गेली आणि गोमाजींच्या अंगणात उभ्या उभ्या सगळं खरं सांगितलं. सोयरीक मोडायची तर मोडा, पण पोरीसाठी कचेरीत चला. जनाबाईने तोंडाला पदर लावला. रडते की काय म्हणून बघावं तर बाई हसत होती. तोच पाहणीवाला कारकून त्यांच्याकडेही आला होता, म्हणाली. तेव्हा गोमाजींचे साडू जेवायला बसलेले आणि गोमाजींनी ऐंशी सांगितले होते. गोमाजी गोठ्याकडे बघत राहिले. तुळसाला मात्र हसू येईना. दोन घरं कागदावर एकशेचाळीस कमावत होती, आणि त्यावरून कुणीतरी साहेब पंख्याखाली बसून खाडीकाठची माणसं मजेत आहेत असं लिहिणार होता.

शुक्रवारी दोघं आली आणि सांगायचं ते त्यांनी सांगितलं. परशुरामभाऊंनी साठावर रेघ मारून सव्वीस लिहिले.

"आता माझं पण लिहा," तुळसा बोलली. "आगरातले आणि आवणीचे मिळून वर्षाची सरासरी महिना पाच रुपये. काही करत नाही, ते खोटं हाय."

परशुरामभाऊंनी टाक खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "सव्वीस आणि पाच एकतीस होतात, बाई. मर्यादा तीसची. हे लिहिलं की नादारी गेली."

एका रुपयासाठी! पुरुषाची फुशारकी खोडायला साक्षीदार चालले, आणि बाईचे कष्ट लिहायचे तर पोरीची शाळा जाते. हा कुठला न्याय?  जनाबाईने तुळसाचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ द्या मंग. पण काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

"पत्नी तुळसा," परशुरामभाऊंनी खाली बघतच वाचलं, "काही करत नाही."

"कागद जपून ठेवा," ती बोलली. "माझी पोर शिकली की वाचायला येईल."

तिने अंगठा उमटवून दाखला घेतला, बोटाची शाई पदराला पुसली आणि झपाझप बाळकुमच्या वाटेला लागली. आवणीला सकाळचा खाडा झालाच होता, दुपारी पोचली तर अर्ध्या दिवसाची मजुरी तरी मिळणार होती.