जाळी नसलेलं प्लास्टर

साहेब, तुम्ही एक्स-रेत माझ्या मुलीची हाडं पाहिलीत, तोंड उघडून पाहिलं नाहीत. आणि लिहून मोकळे झालात: 'बापाच्या मारहाणीचा संशय.'

मी तुमच्याच दवाखान्यातला प्लास्टरवाला. बावीस वर्षं लोकांचे हातपाय बांधतोय. आज सकाळी माझ्या चार वर्षांच्या भिंगरीची मोडलेली नडगी बांधायला घेतली, तर पट्टी बादलीतच सुटली.

"बाबा, घट्ट नको हं. मागच्या वेळी खाज आली होती."

मागच्या वेळी! दाराशी बालकल्याणच्या बाई उभ्या होत्या. "मागचा केसपेपर कुठाय?"

केसपेपर नव्हता. चूक माझी. आधीची दोन हाडं मीच, जेवणाच्या सुट्टीत, याच टेबलावर बांधली होती. घरचंच माणूस, रांग कशाला? आम्ही सगळेच करतो तसं.

"म्हणजे लपवलंत."

"लपवायला इथे आणलं असतं का हो?" बायको कडाडली. "यांना झुरळ मारवत नाही, चप्पल मला घ्यावी लागते!"

कोणी हसलं नाही.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई साच्यांसाठी प्लास्टरची पूड मागायला आल्या. भिंगरीनं रडायला तोंड उघडलं आणि त्या थबकल्या. बॅटरी मारली.

"दात असे राखाडी कधीपासून?"

"आले तेव्हापासून," बायको म्हणाली. "सासूबाई चॉकलेटांना शिव्या घालतात."

"डोळ्यांचं पांढरंही निळसर आहे. दादा, दाताचा आतला भाग आणि हाड, दोन्ही एकाच प्रथिनाच्या धाग्यांवर उभे असतात. कॅल्शियम त्या धाग्यांवर बसतं. मोडलेलं हाड सांधतानाही शरीर आधी तोच धागा विणतं. हिचा धागाच कच्चा असावा. जन्मापासून. अशी हाडं नुसतं चुकीचं उचललं तरी मोडतात. तपासायला हवं."

मला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. पट्टीशिवाय नुसती पूड कालवून सुकवा, अंगठ्यानं तुकडा पडतो. आत पट्टीच्या कापडाची जाळी असली की तेच प्लास्टर माणसाचं वजन पेलतं. आणि मी दोन वर्षं पोरीला कॅल्शियम भरवत होतो! जाळीचाच पत्ता नाही, वर पूड ओततोय.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "त्या तपासणीच्या रिपोर्टला सहा आठवडे लागतील. तोवर मूल घरी नको." दोन जिने उतरून यायला तुम्हाला जमलं नाही.

बालकल्याणच्या बाईंनी तिला उचलायला बगलेत हात घातले.

"अहो, तसं नाही!" मी धावलो, तर शिपाई आडवा आला. शेवटी बायकोनं रडत रडत दाखवलं: एक हात पाठीखाली, एक कुल्ल्याखाली, काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तसं.

"येते हं बाबा," भिंगरी म्हणाली. तिला वाटलं, एक्स-रेचा फोटो काढायला नेतायत.

प्लास्टरवर आम्ही पेन्सिलीनं तारीख लिहितो. आज तिला नेण्याआधी मी तारखेखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'बगलेतून उचलू नका.' पण दुपारी बालगृहातली पाळी बदलली असेल. नवी बाई आली असेल. पाय चादरीखाली असेल.

सहा आठवड्यांचं राहू द्या, साहेब. आत्ता सांगा. या क्षणी माझ्या मुलीला कोण उचलतंय, आणि कसं?