पाचवी शपथ

पाचव्या शपथेला वर्गातले सगळे हात वर होते. खाली होता तो एकट्या जमनाचा.

प्राचीने हातातला खडू टेबलावर आपटला. उद्या तपासणीच्या मॅडम येणार, त्यांच्यासमोर याच सहावीच्या वर्गाने शपथा घ्यायच्या, आणि आज हे!

"जमना, हात वर कर."

जमनाने हात पाठीमागे नेला. बरं, पोरगी काही आडमुठी नव्हती. इजा करणार नाही, चोरी करणार नाही, कुणाची छेड काढणार नाही, खोटं बोलणार नाही, या चारही शपथांना तिचाच हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता. पाचवी आली आणि मुसळ केरात गेलं. 'मी दारूला हात लावणार नाही, आणि जे लावतात त्यांच्या पंगतीला बसणार नाही.'

"का गं? दारू प्यायची आहे तुला?"

वर्ग हसला. जमना हसली नाही.

"प्यायची नाही, मॅडम. पण नवाईला धार मी सोडते. आजाचा हात हलतो, म्हणून."

शेतातलं नवं धान्य, नवी भाजी जमनासारख्या पावरा आदिवासींच्या घरी तशीच कुणी तोंडात घालत नाही. आधी नवाई करायची, पळसाच्या पानातून मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडायची, मग माणसांनी पंगतीला बसायचं. जमनाने हे सगळं उभ्याउभ्या समजावून सांगितलं. आश्रमशाळेत चार वर्षं काढूनही प्राचीला ते ठाऊक नव्हतं.

"आत्ता शपथ तर घे. घरचं घरी बघू."

"मग चौथी मोडेल," जमना म्हणाली.

घ्या! प्राची "बस खाली" एवढंच म्हणाली, आणि तेही जरा जोरातच.

या शपथा तिने भांडून मिळवल्या होत्या. नव्या अभ्यासक्रमाबरोबर मूल्यशिक्षणाचा तास आला आणि मुख्याध्यापक जितेंद्र सरांनी तसबीर, हार, समई आणि रोज एक स्तोत्र असा सगळा बेत ठरवून टाकला. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं, पण पुस्तक उघडतंय कोण! प्राची स्टाफरूममध्ये ताडकन उभी राहिली होती.

"सर, सातपुड्यातली पोरं ही. त्यांच्या एका तरी देवाचं नाव सांगता येईल तुम्हाला?"

"तुम्हाला येईल?" सरांनी विचारलं होतं.

तिने ते कानाआड केलं. भांडण जिंकलं होतं ना, मग झालं. स्तोत्र गेलं, शपथा आल्या. त्या पाच कुठून आल्या हे ओळखणाऱ्याने ओळखलंच असतं. लहानपणी दीपनगरला असताना विहारात आईच्या मांडीला मांडी लावून तिने पंचशील म्हटलं होतं. पंगतीचं शेपूट मात्र तिने स्वतः जोडलं होतं. वडील दारूपायी गेले, आणि ते घरी बसून कधी प्याले नाहीत. त्यांना नेहमी पंगत लागायची. त्या पंगतीतल्या एकेका माणसाचा राग तिच्या मनात अजून ताजा होता.

दुपारी जितेंद्र सर वर्गाच्या दारात आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"उगाच डोक्याला ताप नको, मॅडम. त्या पोरीला उद्या स्वयंपाकघरात बसवा, भाजी निवडायला. एक पोर कमी दिसली तर कोण विचारतंय?"

एरवी प्राचीने त्यांना तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण आज ती "बघते" म्हणाली. काय बघणार होती?

सकाळी ती शाळेत आली तेव्हा व्हरांड्यात एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. शेजारी जमनाची पत्र्याची पेटी, दोरीने करकचून बांधलेली. हे जामसिंग आबा, जमनाचे आजोबा. संध्याकाळी पोरीने घरी फोन लावून सगळं सांगितलं होतं आणि तिला न्यायला आबा पहाटेच डोंगर उतरून आले होते.

"पोरले लई जास, बाई. दुपारनी गाडी शे," ते म्हणाले. रागावलेले वाटत नव्हते, म्हणून प्राचीला जास्तच जड गेलं.

"आबा, असं नका करू. पोरगी हुशार आहे."

"शे ना. तिले कोनी ढ म्हनं का?"

तिने स्वयंपाकघरातून चहा आणला. आबांनी पेला घेतला, करंगळीजवळचं बोट चहात बुडवलं, एक थेंब जमिनीवर शिंपडला आणि मग पेला तोंडाला लावला. हात हलत होता. निम्मा चहा खालीच सांडला.

"आबा, हा तर चहा आहे," ती न राहवून म्हणाली.

"मंग? चहा काय वरतीन पडना? तो बी जमीनमाईनच ऊना."

चहाही जमिनीतूनच येतो, हे खरंच होतं. प्राची पायरीवर बसली. दारूने आपलं घर कसं खाल्लं ते तिने सांगून टाकलं. कुणाला सांगायची नाही ते या म्हाताऱ्याला का सांगितलं, तिचं तिलाच कळेना. आबांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"दारू घर बुडावस, माले मालूम शे. मन्हा भाऊ बी तिनामाच गया," ते म्हणाले. "पन मी ज्या पंगतमा बसस, तठे पोरनी बसानं नही, अशे तुम्ही शिकाडं. मंग ती कोना घर जाई, बाई?"

तिला आपली आई आठवली. तसबिरीपुढे हात जोडले नाहीत म्हणून प्राचीला शाळेत वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेव्हा आई अशीच व्हरांड्यात येऊन बसली होती, पदर खोचून. पोर आत घ्या नाहीतर दाखला हातात द्या, म्हणत होती. तेव्हा आत खुर्चीत गुरुजी होते. आज त्या खुर्चीत आपण आहोत! प्राचीला स्वतःचा असा संताप आला की तिने पायरीवरची धूळसुद्धा झटकली नाही, तशीच उठली.

"आबा, कार्यक्रम होईपर्यंत थांबा. मग न्यायची तर न्या."

सरांच्या सांगण्याप्रमाणे जमना स्वयंपाकघरात मेथीच्या ढिगाऱ्यापुढे बसली होती. प्राचीने तिला मनगटाला धरून उठवलं, गणवेशावरचा पाला झटकला आणि पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं. जितेंद्र सरांनी डोळे मोठे केले. करोत बापडे.

तपासणीच्या मॅडम आल्या, स्थानापन्न झाल्या. चार शपथा दणदणीत झाल्या. चौथीला जमनाचा आवाज तर छताला लागला. मग प्राची थांबली.

"हात खाली घ्या सगळ्यांनी. पाचवी शपथ माझी एकटीची आहे."

तिने स्वतःचा हात वर केला.

"मी दारूला हात लावणार नाही. माझे वडील तिच्यापायी गेले, म्हणून."

पंगतीचं तिने काढलंच नाही. तिने हात खाली घेतला.

मॅडमनी पुढ्यातला कागद पाहिला. "यात मुलांच्या पाच शपथा आहेत. मुलांनी चारच घेतल्या?"

"सराव कमी पडला, मॅडम," जितेंद्र सर घाईने म्हणाले. "सगळं नवीनच ना. वेळच मिळाला नाही."

"वेळ होता, सर," पहिल्या रांगेतून आवाज आला.

"जमना, गप्प बस!"

"आत्ताच शपथ घेतली ना, सर. चौथी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी चष्मा काढून जमनाकडे पाहिलं, मग प्राचीकडे.

"हिला छान तयार केलंय. तुम्ही शिकवलंत?"

हो म्हणायला काय जात होतं? शेऱ्यात नाव आलं असतं, वर शाबासकी.

"नाही, मॅडम. हिच्या आजोबांनी. ते बाहेर बसलेत, हिला शाळेतून न्यायला. त्यांच्या पंगतीला हिने बसू नये, अशी शपथ मी घालत होते. हिने घेतली नाही, म्हणून आज हिला भाजी निवडायला बसवलं होतं."

"प्राची मॅडम!" जितेंद्र सर खुर्चीतून अर्धे उठले.

"खोटं आहे का, सर?"

सर तसेच अर्धे उठलेले राहिले. मॅडम उठून व्हरांड्यात गेल्या, आणि त्यांच्यामागे सगळेच. आबा उठले नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दार उघडंच होतं. मॅडमकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं ते प्राचीला.

"नवाईले पोर घर येई ना?"

"येईल, आबा. रजा मी देते."

"रजा मुख्याध्यापक मंजूर करतात," जितेंद्र सर म्हणाले.

"मग करा, सर. मॅडम आहेत तोवरच करा."

जितेंद्र सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम त्यांच्याकडेच पाहत होत्या. सरांनी मान हलवली, ती हो अशीच हलली.

आबांनी पेटी पुढे ओढली आणि दोरी सोडायला घेतली. हात हलत होता, गाठ काही सुटेना. जमना त्यांच्याशेजारी खाली बसली आणि तिने ती सोडली.