पहिल्या घावानंतर

शाळेत त्यांचं खरं नाव फक्त शिक्षकांच्या मस्टरवर उरलं होतं. मुलांच्या तोंडी त्या दगडबाई. विज्ञान शिकवायच्या, आणि सुट्टी लागली रे लागली की हातोडा, छिन्नी, भिंग पिशवीत टाकून डोंगर आणि खाणी पालथ्या घालायच्या. नवरा वारल्यापासून या भटकंतीत नणंद सोबत असायची. ती निवृत्त नर्स. लग्न केलं नव्हतं, पण जीप स्वतःची होती.

"भाऊ जाताना मला एक वहिनी आणि तिचे दगड देऊन गेला," ती कुणालाही सांगायची. "न्हाणीघरात साबण शोधावा तर हाताला गारगोटी लागते."

त्या सुट्टीत दोघी एका बंद पडलेल्या दगडखाणीत उतरल्या. काळ्या खडकात पोकळ्या असतात आणि त्यांच्यात स्फटिक वाढतात, हे दगडबाईंनी फळ्यावर कैकदा काढून दाखवलं होतं. ऊन चढायच्या आत त्यांना तशी एक पोकळी सापडली. आत हिरवट स्फटिकांचे झुबकेच्या झुबके, पाण्यासारखे नितळ.

"वन्सं, या, बघा तरी!"

"बघते. आधी टोपी घाला. भोवळ येऊन पडलात तर उचलणार कोण?"

तेवढ्यात वरच्या कड्यावरून दोन माणसं उतरली. पुढचा धिप्पाड, हातात पहार. मागचा किडकिडीत, खांद्यावर पोतं. चोरून स्फटिक फोडायचे आणि शहरात विकायचे, हा त्यांचा धंदा होता.

"ए बाई, हात लावायचा नाही. जागा आमची आहे," धिप्पाड म्हणाला.

"खाण बंद आहे, जागा कुणाचीच नाही," दगडबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "आणि पहारीनं फोडाल तर सगळा चुरा होईल."

"आता मला शिकवणार का तू?"

त्यानं पहार पोकळीत खुपसली आणि फिरवली. आतून बांगड्यांचा ढीग कोसळावा तसा आवाज आला. दगडबाईंनी झेप घेऊन त्याचा दंड धरला. त्यानं त्यांना असं ढकललं की त्या तोंडावर आपटल्या. ओठ फाटला, दात हलला, तोंडात रक्त आणि खडी एकत्र झाली.

नणंद मध्ये पडली. "अरे, बाईमाणसावर हात टाकतोस? लाज..."

पहार तिच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचं दगडबाईंना स्पष्ट ऐकू आलं. नणंद न ओरडता खाली बसली, आणि त्यानं पहार पुन्हा उचलली.

दगडबाईंच्या हाताशी हातोडा होता. त्यांनी तो सगळ्या ताकदीनं त्याच्या गुडघ्यावर घातला. माणूस बोंबलत कोसळला, पहार गडगडत दूर गेली. किडकिडीत माणसानं पोतं टाकलं आणि धूम ठोकली.

भांडण तिथं संपलं होतं. दगडबाई थांबल्या नाहीत. त्यांनी त्याच्या नडगीवर घाव घातला. तो गुडघा झाकायला गेला तर त्याच्या बोटांवर घातला. मग पुन्हा गुडघ्यावर. रक्ताचे शिंतोडे चष्म्यावर उडाले, समोरचं दिसेनासं झालं, तरी हात चालूच.

"वहिनी, पुरे! मरेल तो!"

हात चालूच.

"अगं ए, सोड त्याला!"

इतक्या वर्षांत नणंदेनं त्यांना कधी एकेरीत हाक मारली नव्हती. हातोडा गळून पडला.

पुढचं सगळं नणंदेनं केलं. एका हातानं आणि दातांनी तिनं आपला स्कार्फ त्या माणसाच्या मांडीला करकचून आवळला. दोघींनी त्याला फरफटत जीपमध्ये घातलं. दगडबाई गाडी चालवत होत्या. मागच्या सीटवरून नणंद त्याला शिव्या घालत होती, "मुडद्या, डोळे मिटलेस तर याद राख!" मोडका खांदा धरून ती त्याला दवाखान्यापर्यंत जागं ठेवत राहिली.

तिथं इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आला. त्याचं मत आधीच ठरलं होतं. "जीव वाचवायला मारलंत, बरोबर?"

"पहिला घाव वन्संना वाचवायला घातला," दगडबाई म्हणाल्या. "नंतरचे नाही."

इन्स्पेक्टरचं पेन थबकलं. "साहेब, डोक्याला मार बसलाय हो त्यांच्या," पलीकडच्या खाटेवरून नणंद घाईनं म्हणाली.

"डोकं ठणठणीत आहे माझं."

तो गेल्यावर नणंद उसळली. "तुरुंगात गोळा करायला दगड मिळत नाहीत म्हटलं!" आणि मग रडायला लागली.

त्या माणसाचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. दगडबाई त्याला बघायला वॉर्डात गेल्या. तो गुंगीत होता. उशाशी बायको बसली होती.

"तुम्ही कोण?"

"मीच मारलं यांना."

बाईनं उठून खाडकन त्यांच्या मुस्काटात दिली. शिवलेला ओठ उसवला. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा दगडबाईंनी तो मनगटात पकडला. बारीक मनगट होतं. आपली बोटं आपोआप घट्ट होत चालली आहेत, हे त्यांना कळलं. बाईच्या चेहऱ्यावर भीती दिसली तेव्हा त्यांनी हात सोडला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि उभ्या राहिल्या. बाईनं पुन्हा मारलं नाही.

"जा इथनं," ती म्हणाली.

कोर्टानं दगडबाईंना निर्दोष सोडलं. जबाबातलं ते वाक्य घाबरलेल्या बाईचं बोलणं म्हणून बाजूला ठेवलं गेलं. काही पालकांनी कुरकुर केली, पण शाळेनं परत घेतलं. नणंदेचा हात खांद्याच्या वर उठेना, म्हणून तिला कपडे घालायला दगडबाई मदत करायच्या.

निकालानंतर घरी आल्यावर त्या तिच्या सदऱ्याची बाही सोडवत होत्या.

"सुटलात की! मग तोंड का असं?" नणंदेनं विचारलं.

"वन्सं, मारताना मला बरं वाटत होतं."

नणंद म्हणाली, "माहीत आहे मला. तुमचा चेहरा बघत होते ना मी."

"मग भीती नाही वाटत माझी?"

"वाटते की. हळू ओढा, दुखतंय."

दगडबाईंनी बाही सैल केली आणि तिचा हात हलकेच बाहेर काढला.