‘बरं’ची लांब रांग

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला चाकं नाहीत की रंग नाहीत. मला शब्द द्या, एका ओळीवर एक. सारखे शब्द मी एकत्र मोजतो आणि काळ्या पडद्यावर प्रत्येकासमोर तेवढ्या चांदण्या मांडतो.

मला घडवणाऱ्यांना त्यांची मुलगी बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड असे दोष माझ्याकडे येत. नियम बाबांचाच होता: ज्याने बाटली केली, त्याने तिचा दोष लिहायचा नाही, शेजारच्याने लिहायचा.

मुकादम चिडवायचे, "काय साहेब, चांदण्या बघून बाटल्या सुधारतात का?"

एकदा ‘बुडबुडा’ची रांग एकाएकी लांबली. भट्टी तपासली, तर खरंच बिघाड निघाला. तेव्हापासून मुकादम कामावर आले की आधी माझ्यापुढे उभे राहत.

पुढे रंगीत आलेख काढणारे नवे प्रोग्राम आले. मी बाबांच्या घरच्या संगणकात पडून राहिलो.

मग बाबा अंथरुणाला खिळले. आजार बरा होणारा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवस कसा गेला ते रोज एका शब्दात लिहा. त्यावरून वेदनेचं औषध ठरवू." बाबा उशाशी संगणक घेऊन स्वतःच लिहू लागले. बरं. बरं. बरं. ती एकच रांग पडद्याच्या कडेला जाऊन टेकली. औषध होतं तेवढंच राहिलं.

एका दुपारी मुलीने ती रांग पाहिली.

"बाबा, ज्याची बाटली त्याने दोष लिहायचा नाही ना?"

"म्हणजे मी बाटली?"

"तडा गेलेली. द्या तो संगणक इकडे." तिने खुर्ची ओढली. "कसं वाटतंय?"

"बरं."

"मग कूस बदलताना ओठ का चावता?"

"तुला आधीच काय कमी व्याप आहेत?" बाबा म्हणाले. मग हळूच, "दुखतं गं. फार दुखतं."

तिने तेच लिहिलं. त्या दिवसापासून तीच विचारायची, तीच लिहायची. ‘दुखतं’ची रांग वाढलेली पाहून डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. मग एक नवा शब्द येऊ लागला: झोपले. बाबा वाचले नाहीत. पण शेवटी शेवटी ‘दुखतं’समोर नवी चांदणी पडली नाही.

मित्रांनो, माझी मोजणी कधी चुकली नाही. पण मी दिलेलंच मोजतो. तुमच्या घरात कुणी रोज ‘बरं’ म्हणत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि पुन्हा एकदा विचारा.